बाईंनी जिंकलेले तीन एकर

बिराजदार बाईंच्या ऑफिसात कुणी बाईमाणूस शिरलं, की चपला काढायच्या आत तिला पहिला प्रश्न यायचा, "लग्न कधी झालं?"

नाव नाही, गाव नाही, पाणी घेणार का, तेही नाही. बायका गांगरायच्या. मंगळवेढ्याकडची एक म्हातारी तर उलटून त्यांनाच म्हणाली होती, "माजं व्हऊन चाळीस वरसं झाली बया, तुजं कवा करतीस?" बाई खळखळून हसल्या आणि म्हातारीला चहा पाजला. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे इतकी वर्षं त्यांच्याकडे टायपिंग करूनही मला कळलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

प्रश्नाला कारण होतं. चौऱ्याण्णव साली आपल्या राज्यात कायदा झाला, की वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच जन्मानं हक्क. पण त्याला एक शेपूट होतं. कायदा लागू व्हायच्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. कायदा आला जूनमध्ये. आणि आपल्याकडे लग्नं होतात एप्रिल-मेमध्ये, रानं मोकळी झाल्यावर. म्हणजे त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात जेवढ्या मुली बोहल्यावर चढल्या, तेवढ्या अक्षता पडता पडता हक्काबाहेर गेल्या, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. बाईंच्या टेबलाच्या डाव्या खणात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असायचा, हळदीचे डाग पडलेल्या, कडा कुरतडलेल्या. तो सगळा पुरावा होता. मी पहिल्या दिवशी तो खण उघडला तेव्हा मला वाटलं, बाई फावल्या वेळात वधू-वर सूचक मंडळ चालवतात की काय.

ऑफिस म्हणजे कोर्टाच्या मागच्या बोळात झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. वर पत्रा. मे महिन्यात माझ्या टाइपरायटरची बटणं चटका द्यायची, म्हणून मी बोटांना चिंध्या गुंडाळून टाइप करायची. बाई मात्र त्या भट्टीत काळा कोट घालून बसायच्या. "कोट काढला की बायका मला अक्का म्हणतात आणि घरचं रडगाणं सुरू करतात," असं त्यांचं म्हणणं. बायका त्यांना कोटातही अक्काच म्हणायच्या. बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी. राग आला की कानडीतून यायचा. समोरची बाई फार रडायला लागली की त्या हात वर करून "साकु, साकु", म्हणजे पुरे, पुरे, म्हणायच्या, आणि कानडी न कळणाऱ्या बायकासुद्धा गप्प बसायच्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. बाराही महिने तेच.

स्वभावानं गोड होत्या असं मी म्हणणार नाही. एका शब्दासाठी अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावायच्या. मी एकदा रडले तर म्हणाल्या, "रड, पण समास सोडून टाइप कर." त्यांच्या शोकसभेत बाररूममध्ये एकेकजण उठून त्यांना ममतेची मूर्ती म्हणत होता, तेव्हा मागच्या खुर्चीवर बसून मला हसू आणि संताप एकदमच येत होते. त्यातल्या दोघांनी तर त्यांना घरं फोडणारी बाई म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं. त्यांच्या तोंडावर म्हटलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "घर फोडायला आधी कुणी घरात घ्यावं लागतं, वकीलसाहेब."

त्यांची एक पद्धत सगळ्या कोर्टात चेष्टेचा विषय होती. जमिनीच्या दाव्यात चतुःसीमा लिहाव्या लागतात, म्हणजे गटाच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला, उत्तरेला काय. बाकीचे वकील ते जुन्या कागदावरून उतरवून घेतात. बाई अशिलाला तोंडानं सांगायला लावायच्या. जिला वाटा पाहिजे तिनं स्वतः सांगायचं. "दादाला इचारून सांगते" म्हटलं की, "मग दावा पण दादालाच करायला सांग," म्हणून परत पाठवायच्या. पुष्कळ बायका परत यायच्या नाहीत. ज्या यायच्या, त्या बापाच्या रानाला एक फेरी मारून यायच्या. कुणी कुत्रं अंगावर सोडलेलं असायचं, कुणाच्या पायाला काटा. मग बाकावर ताठ बसून सांगायच्या, आणि बाई मला म्हणायच्या, "घे लता, हिचं घे." मला सुरुवातीला हा निव्वळ छळ वाटायचा. बाईंचं म्हणणं, जिला कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचंय तिनं आधी बांधावर उभं राहून यावं.

दुसरी खोड म्हणजे आमच्या व्यवसायातलं एक ठरलेलं वाक्य त्यांना चालायचं नाही. बाईच्या वतीनं दावा असला की सगळे लिहितात, 'वादी ही अशिक्षित, अडाणी व भोळी स्त्री आहे.' न्यायाधीशाला कळवळा यावा म्हणून. मी सवयीनं ते टाइप केलं, तर बाईंनी तीन वेळा रेघ मारली. पुढं एका तरुण न्यायाधीशांनी चांगुलपणानंच विचारलं, की बाई, तुमची अशील निरक्षर आहे तसं लिहिलं का नाही, तिचा फायदा झाला असता. बाई म्हणाल्या, "सर, तिला नऊ एकराच्या चारी बाजूंच्या माणसांची तीन पिढ्यांची नावं पाठ आहेत. तिला अडाणी कसं म्हणू?" न्यायाधीश हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. तारीख काय, ती मिळतेच.

ती नऊ एकरवाली म्हणजे कोंडाबाई. हिच्याविषयी सांगितल्याशिवाय बाईंविषयी काही सांगताच येत नाही.

कोंडाबाईचं माहेर मोहोळजवळच्या एका खेड्यात, सासर कुंभारीला. नवरा आज कामावर तर उद्या घरी, त्यामुळे तीच विड्या वळून घर चालवायची. मी ऑफिसात लागून वर्षच झालं असेल, तेव्हा ती पहिल्यांदा आली. कडेवर दोन वर्षांची सविता. बाईंनी विचारलं, लग्न कधी झालं? तिनं पदराच्या गाठीतून पत्रिका काढली. कायदा यायच्या सव्वा महिना आधीचं लग्न. बाईंनी पत्रिका उलटसुलट बघितली, जशी काही मागच्या बाजूला दुसरी तारीख असेल. हिची धाकटी बहीण सुभद्रा पुढच्या साली उजवली होती, तिला त्याच रानात भावाइतका वाटा. एकच बाप, एकच आई, पण कायद्याच्या लेखी एक लेक आणि एक परकी.

"मंजी मला काय न्हाय?" कोंडाबाईनं विचारलं.

"आज नाही."

"मग कवा?"

बाईंनी पत्रिका घडी घालून तिला परत दिली. पण कोंडाबाईनं 'आज नाही' एवढंच धरलं. ती दर दोन-चार महिन्यांनी सोलापूरला आली की वर चढायची आणि विचारायची, "अक्का, बदलला का कायदा?" जणू कायदा म्हणजे एसटीचं वेळापत्रक. सविता माझ्या टेबलाखाली खेळायची. वापरून झालेल्या कार्बन पेपरच्या पाठीवर बाईंनीच तिला अ आ इ काढायला शिकवलं. हात काळे, फ्रॉक काळा, आणि बाई खुशीत.

सुभद्रानं काय केलं? भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं आणि तिनं सही करून दिली. बदल्यात एक साडी आणि दिवाळीला माहेरपण. आपल्याकडे ही रीतच आहे. शहाणी लेक ती, जी मागत नाही. तिच्या सासरीही तिचं कौतुक झालं म्हणे.

दोन हजार तीन साली कोंडाबाईचा बाप वारला, आणि पाच साली दिल्लीत कायदा बदलला. आता लग्न कधीही झालेलं असो, लेक ती लेक. त्या दिवशी बाईंनी मला पेपर वाचून दाखवला, मग पुन्हा स्वतः वाचला, आणि झेरॉक्सवाल्या मौलाभाईच्या फोनवरून कुंभारीच्या किराणा दुकानात निरोप ठेवला: 'कोंडाबाईला सांगा, कायदा बदलला.' दुकानदाराला वाटलं असेल, हे काय खूळ. कोंडाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात हजर. आम्हीच उशिरा पोचलो.

दावा दाखल झाला. भावाचा बचाव ठरलेला. तोंडी वाटणी आधीच झाली होती, बहिणीला लग्नात सगळं दिलं. त्याची साक्षीदार सुभद्रा. पिंजऱ्यात ती भावाच्या बाजूनं बोलायला उभी राहिली आणि बाईंनी तिची उलटतपासणी घेतली. मी मागं बसले होते. बाईंचा आवाज अजिबात चढला नाही.

"हक्क सोडला तेव्हा काय मिळालं?"

"साडी."

"त्यानंतर किती दिवाळ्यांना माहेरी गेला?"

सुभद्रानं भावाकडे बघितलं.

"किती?"

"दोन."

"नंतर?"

"वयनीला बरं नसायचं."

"गेली सात वर्षं वहिनीला बरं नाही?"

सुभद्रा पिंजऱ्याचा कठडा धरून रडायला लागली. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. साक्ष पार फुटली होती, आम्ही तिथंच जिंकलो होतो. पण त्या दुपारी बाईंनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिचं काय चुकलं होतं गं? मी तिला चार माणसांत उघडं केलं." मी म्हटलं, बाई, ते करायलाच लागतं. त्या म्हणाल्या, "ते मलाही माहीत आहे. तू टाइप कर."

निकाल आमच्या बाजूनं लागला. भाऊ अपिलात गेला. मधल्या काळात तलाठ्याकडे वारसनोंद करायची म्हणून आम्ही गेलो, तर कोंडाबाईचं नाव लावलं होतं, पण मालकाच्या रकान्यात नाही, खाली 'इतर हक्क' म्हणून जिथं विहिरीचा वाटा, बँकेचा बोजा लिहितात तिथं. तलाठी म्हणाला, "बाई, नाव लागलंय की. कुठं लागलं त्यानं काय फरक पडतो?" बाईंनी विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव रेशनकार्डावर भांड्याकुंड्यांत लिहू का?" तलाठी चिडला, बाई त्याच्याहून चिडल्या. नाव वरच्या रकान्यात यायला अकरा महिने लागले. तेवढ्यासाठी बाईंनी जितके अर्ज केले, तेवढ्यात मी एखादी कादंबरी टाइप केली असती.

मग पंधरा साल उजाडलं. सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका दाव्यात सांगितलं, की कायदा बदलला त्या दिवशी बाप जिवंत असेल, तरच मुलीला हक्क. कोंडाबाईचा बाप दोन वर्षं आधी गेलेला. अपिलात आम्ही हरलो. तिच्या वाट्याला उरला तो बापाच्या हिश्शातला तुकड्यातला तुकडा, म्हणजे बांधाच्या कडेची पट्टी. बाईंनी निकाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "म्हणजे आता बाप कधी मेला, त्यावर मुलगी मुलगी ठरणार," म्हणाल्या. त्या दिवसापासून ऑफिसातला पहिला प्रश्न बदलला. चपला काढायच्या आत विचारायच्या, "वडील कधी वारले?" ज्यांचे वडील जिवंत असायचे त्या बायका घाबरून जायच्या.

कोंडाबाईला हरल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बापानं आणिक दोन वरसं दम धरायला पायजे व्हता." बाई हसल्या नाहीत. मुंबईत दुसरं अपील टाकलं आणि ते तिथं पडून राहिलं.

टाळेबंदीच्या वर्षी, सगळं बंद असताना, बाईंचा मला घरी फोन आला. आवाज ओळखू येईना. सुप्रीम कोर्टानं आधीचं म्हणणं पुसलं होतं. बाप कधी वारला ते विचारायचं नाही, लग्न कधी झालं ते विचारायचं नाही, मुलीचा हक्क जन्मापासून. "लता, आता काही विचारायलाच नको गं," बाई म्हणाल्या, आणि फोनवर रडल्या. मी त्यांना एवढं एकदाच रडताना ऐकलं. ऑफिस पुन्हा उघडल्यावर पहिली अशील आली तेव्हा सवयीनं त्यांनी तोंड उघडलं, थबकल्या, आणि म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?" मला फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, आम्ही दोघीही वेड्या होतो.

मुंबईत जिंकलो. मग तहसील, मग मोजणी, पुन्हा तारखा. शेवटी एका थंडीत मोजणीदारानं शाळूच्या रानात खुणेचे दगड रोवले. तीन एकर. भाऊ आला नाही, त्याची बायको लांबून शिव्या देत उभी होती. पोलीस बाभळीखाली तंबाखू मळत होता. बाईंचं वय तेव्हा सत्तरीला आलेलं, गुडघे गेलेले, पण त्या चपला काढून तीन एकराच्या कडेनं चालत फिरल्या. कोंडाबाईनं भाकरी आणि ठेचा आणला होता. बांधावर बसून बाईंनी दोन भाकरी खाल्ल्या. घरच्या डब्यातली अर्धी परत नेणारी बाई ती. येताना गाडीत म्हणाल्या, "आता मी मेले तरी चालतंय." आपल्याकडे म्हणतात तसं, उगीच. मीही हसून सोडून दिलं.

आठ महिन्यांनी कोंडाबाई ऑफिसात आली. बरोबर मुलगा महादू, आणि सविता. सविताला मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. आता तिला दोन मुलं, तीही आईसारख्या विड्या वळते. कोपराजवळ जुना हिरवट वळ होता, तो ती पदरानं झाकत होती.

कोंडाबाई खुर्चीत बसली. पूर्वी बाकावर बसायची. म्हणाली, "अक्का, त्ये तीन एकर महादूच्या नावावर करायचं हाय. बक्षीसपत्र लिवा."

"लिहू की," बाई म्हणाल्या. "निम्मं महादूला, निम्मं सविताला. गट एक आहे, पण जमवू."

"न्हाय न्हाय. समदं महादूला. आन् सवितानं त्येच्यात लिवून द्यायचं, की माजी संमती हाय, माजं काय मागणं न्हाय." मग ती पुढं वाकली आणि अगदी विश्वासानं म्हणाली, "लई पक्कं लिवा अक्का. उद्या तिनं न्हायतर तिच्या मालकानं कोर्टात जायला नगं. तुमास्नी त्यातली समदी भोकं ठावं हैत. ती समदी बुजवून लिवा."

माझी बोटं की-बोर्डवर तशीच राहिली. बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"कोंडाबाई, इतकी वर्षं तू कुणासाठी भांडत होतीस?"

"पोरासाठीच की," कोंडाबाई म्हणाली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "उद्या त्यो म्हनला असता, आयीनं मामाला वाटा सोडून दिला. म्हनून तर भांडले. पोरगी काय, दिल्या घरी गेली."

त्यात लपवाछपवी नव्हती, लबाडी नव्हती. हेच मला सहन होत नव्हतं. लबाडी असती तर तिला हाकलून देता आलं असतं. बाईंनी तिला आणि महादूला खाली चहाला पाठवलं आणि सविताला थांबवून घेतलं. मी उठायला लागले तर मला खुणेनंच बसवलं.

"सविता, तू नाही म्हण. आत्ता माझ्यापाशी नाही म्हण, पुढचं मी बघते. दोन वर्षं जगले तर दोन वर्षं बघते."

सविता खाली बघून म्हणाली, "अक्का, माजा मालक लई पितोय. म्हयन्या-दोन म्हयन्याला मी पोरं घिऊन आयीकडं येते. रातीबेराती येते. महादू दार उघडतोय. त्येची बायकू तोंड वाकडं करती, पण उघडतोय. आज मी वाटा मागिटला तर ते दार बंद हुतंय. मग पोरं घिऊन जाऊ कुटं? त्या शाळूच्या रानात झोपू व्हय?"

"कायद्यानं तुला—"

"कायदा मला ठावं हाय की. तुमच्या ह्या टेबलाखालीच थोर झाले मी." ती हसली. "तुमचं काय चुकत न्हाय. पर मला दार पायजे."

चाळीस वर्षं वकिली केलेल्या बाईला एका विडीवालीनं गप्प केलं आणि तिला ते कळलंही नाही. कोंडाबाई वर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मी हे लिहिणार नाही. दुसऱ्याकडून लिहून घे." कोंडाबाईचा चेहरा उतरला. "आमचं काय चुकलं का अक्का?" तिनं दोनदा विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. महादूनं आईला दंडाला धरून खाली नेलं.

कागद मोहोळच्या एका बाँड रायटरनं लिहिला. तासाभरात लिहिला म्हणे. पाचव्या दिवशी सविताचा फोन आला. मीच उचलला, पण तिनं बाईंना मागितलं. "अक्का, बुधवारी मोहोळात दस्त हाय. तुमी येता व्हय? काय करायचं न्हाय. नुसतं हुबं ऱ्हावा. मला जरा दम येईल." बाई जाणार नाहीत असं मी धरून चालले होते. बुधवारी सकाळी त्या स्टँडवर माझ्या आधी येऊन बसल्या होत्या, काळा कोट घालून.

त्यानंतर बाई जेमतेम सात महिने होत्या. कोर्टात गेल्या तेवढ्या फक्त जुन्या फायली दुसऱ्या वकिलांना सोपवायला. नवीन बाई आली की मला म्हणायच्या, "तिला सांग, बाईंना बरं नाही." मी तसं सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. दवाखान्यात मी शेवटी गेले तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. म्हणून मला बाई शेवटच्या आठवतात त्या मोहोळच्या रजिस्ट्रार ऑफिसातल्या.

छोटी खोली, खच्चून माणसं. काचेमागं एक पोरगेलासा ऑपरेटर एकेकाला समोर उभं करून फोटो काढत होता आणि लाल दिव्याच्या यंत्रावर अंगठा घेत होता. कोंडाबाईचा फोटो झाला, महादूचा झाला. कोंडाबाईचा अंगठा दोन-तीनदा दाबल्यावर उठला. मग संमती देणारी म्हणून सविता पुढं झाली. तिनं अंगठा ठेवला. यंत्र काही बोलेना.

"पुसून ठेवा," ऑपरेटर म्हणाला. तिनं पदराला पुसून ठेवला. नाही. दुसरा अंगठा. नाही. त्यानं तिचा हात ओढून बघितला. "विड्या वळता काय? रेघाच राहिल्या नाहीत. ह्या बायकांचं नेहमीचंच आहे." मागं रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. कोंडाबाई म्हणाली, "आज झालंच पायजे बाबा, कागद वाया जाईल." महादूनं कुणाकडून तरी ओला रुमाल आणला. चौथ्यांदा, पाचव्यांदा. ऑपरेटर म्हणाला, "नाही उठलं तर आज दस्त होणार नाही. उद्या या, साहेबांना विचारू."

मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आता सरळ झाल्या. मला वाटलं, अंगठा नको उठू देऊस देवा. बाईंनाही तेच वाटलं असणार. एका क्षणापुरतं तरी वाटलं असणार.

सविता घामानं भिजली होती. तिनं मागं वळून बघितलं. आईकडे नाही, भावाकडे नाही. म्हणाली, "अक्का, माजा हात कापतोय. तुमी धरा की."

बाई पुढं गेल्या. गर्दीनं वाट दिली, कोट बघून. त्यांनी सविताचा अंगठा आपल्या हातात घेतला, स्वतःच्या साडीच्या पदरानं एकदा पुसला, एखाद्या लहान पोरीचा पुसावा तसा. मग तो यंत्राच्या काचेवर ठेवला आणि वरून आपल्या अंगठ्यानं दाबून धरला. मान खाली होती, चेहरा मला दिसत नव्हता.

यंत्रावर हिरवा दिवा लागला. ऑपरेटर म्हणाला, "झालं. पुढचे."

"सुटले गं बाई," सविता पुटपुटली. कोंडाबाई पेढ्याचा पुडा सोडायला लागली. मागच्या माणसानं पुढं यायला रेटा दिला, "ओ बाई, सरका की," म्हणाला. बाई सरकल्या नाहीत. सविताचा अंगठा तसाच मुठीत घट्ट धरून त्या काचेसमोर उभ्या होत्या, आणि सविता हळू आवाजात त्यांना सांगत होती, "अक्का, झालं. सोडा आता. अक्का, सोडा."